बोलले ट्रूमन, भरलं कोणी?

हॅरी ट्रूमन अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते १२ एप्रिल १९४५ रोजी, रूझवेल्ट अचानक वारले म्हणून. पदवी नाही, कॅन्सस सिटीत भागीदारीत काढलेलं कपड्यांचं दुकान १९२२ मध्ये बुडालेलं, त्याचं कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेलेली, आणि राजकारणातला प्रवेश मिसुरीतल्या पेंडरगास्ट नावाच्या बदनाम पुढाऱ्याच्या आशीर्वादाने. अशा माणसाने पुढची पावणेआठ वर्षं जगाच्या उलाढाली केल्या. लोकांच्या लक्षात मात्र राहिली ती त्यांची मूठभर वाक्यं.

त्या वाक्यांवरून आमच्या घरी दोघांचं जुंपतं. एक माझे मामा, महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. दुसरी माझी धाकटी बहीण. ती जाहिरात कंपनीत आहे आणि निवडणुकीच्या हंगामात पुढाऱ्यांना घोषणा लिहून देते. कोणत्या पक्षाच्या ते विचारू नये, ती सांगत नाही. मी मध्ये बसून चहा पितो आणि एखादी तारीख चुकली तर दुरुस्त करतो. त्यांच्या बोलण्यातलं निवडक इथे उतरवलं आहे. शिव्या गाळल्या आहेत, ट्रूमन यांच्याही.

मामा : बाकी सगळं सोड. टेबलावरची ती पाटी घे. 'टोलवाटोलवी इथे थांबते.' एवढ्यात अख्खं प्रशासन आलं. आमच्याकडे काय चालायचं माहीत आहे? तलाठी म्हणणार, सर्कलसाहेबांचा अहवाल येऊ दे. सर्कल म्हणणार, तहसीलदारांचा आदेश हवा. तहसीलदार शेरा मारणार, 'प्रांतांचे मार्गदर्शन घ्यावे'. आणि प्रांत लिहिणार, 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी'. फाइल फिरून पुन्हा तलाठ्याच्या दप्तरात! नियम कुठला ते कोणीच लिहीत नाही, कारण लिहिलं की सही अंगावर येते. आणि हा गडी जगातल्या सगळ्यात मोठ्या टेबलावर लिहून ठेवतो की फाइल माझ्यापुढे जाणार नाही.

बहीण : त्यांनी नाही लिहिलं, मामा. ओक्लाहोमात एल रीनो इथे सरकारी सुधारगृह होतं. तिथल्या अधीक्षकाच्या टेबलावर तसली पाटी होती. ट्रूमन यांच्या मित्राने, फ्रेड कॅनफिलने, ती पाहिली आणि तशीच एक करून मागितली. सुधारगृहातच ती बनली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्रूमन यांच्याकडे पोचली. म्हणजे वाक्य तुरुंगाच्या साहेबाचं, पाटी तिथेच बनलेली, आणि नाव अध्यक्षांचं. शिवाय ती कायम टेबलावर असायची असंही नाही. अधूनमधून असायची.

मामा : मग? म्हणी कोणाच्या मालकीच्या असतात का? माझी आजी दिवसाला दहा म्हणी ऐकवायची, त्यातली एक तिने रचलेली नव्हती. ज्याला गरमी सोसत नाही त्याने स्वयंपाकघरातून बाहेर व्हावं, हेही ट्रूमन यांनी मिसुरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडूनच उचललेलं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. वाक्य कुणाचं याला महत्त्व नाही, त्याप्रमाणे वागला कोण ते बघ. १५ जानेवारी १९५३ ला निरोपाच्या भाषणात त्यांनी हेच सांगितलं: अध्यक्ष कोणीही असो, निर्णय त्यालाच घ्यावा लागतो, तो दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

बहीण : वागले ना. पण कधी, आणि कुणाशी? माझा धंदाच वाक्यांचा आहे, म्हणून सांगते. साधं वाक्य लिहिणं सगळ्यात अवघड असतं आणि त्यातून सगळ्यात जास्त लपवता येतं. जड वाक्य ऐकलं की लोक सावध होतात. साध्या वाक्याला कोणी हटकत नाही. ६ ऑगस्ट १९४५ चं निवेदन आठवा. सोळा तासांपूर्वी एका अमेरिकन विमानाने हिरोशिमा या जपानी लष्कराच्या महत्त्वाच्या तळावर एक बॉम्ब टाकला. छोटं, सोपं, रोखठोक. शाळकरी मुलालाही कळेल असं. आणि त्यात शहर कुठे आहे? बायका, पोरं, ट्राम, दवाखाने?

मामा : तळ होताच तिथे.

बहीण : होता. लष्कराचं मुख्यालय होतं. म्हणून तर वाक्य खोटं ठरत नाही. हीच तर त्याची करामत! वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली असा त्या शहराचाच अंदाज आहे. आणि हे निवेदन निघालं तेव्हा ट्रूमन पॉट्सडॅमहून परतताना समुद्रावर होते. मजकूर आधीच इतरांनी तयार करून ठेवला होता. साधेपणासुद्धा कार्यालयात तयार होतो, मामा. मी रोज करते.

मामा : पण त्याने नंतर अंग काढून घेतलं का? सांग. सेनापतींनी सांगितलं, शास्त्रज्ञांनी बनवलं, रूझवेल्टच्या काळात ठरलं होतं, असं म्हणून सुटता आलं असतं. नाही म्हटलं. मरेपर्यंत म्हणत राहिले, निर्णय माझा. बॉम्ब बनवणारे शास्त्रज्ञ ओपनहायमर भेटायला आले आणि म्हणाले, माझ्या हाताला रक्त लागलंय. ट्रूमन यांना ते मुळीच रुचलं नाही. अरे, सही माझी, तर रक्त तुझ्या हाताला कसं लागेल?

बहीण : आणि पुढच्या वर्षी परराष्ट्र खात्यातल्या अचिसन यांना पत्रात काय लिहिलं? तो रडका शास्त्रज्ञ आला होता, हात चोळत बसला होता! समोरच्याचं मन त्याला खात असेल तर त्याला रडका म्हणायचं, याला तुम्ही जबाबदारी म्हणता?

इथे मला मध्ये पडावं लागलं, कारण दोघांनीही एक गोष्ट सोडली होती. १० ऑगस्ट १९४५ ला, नागासाकीच्या दुसऱ्या दिवशी, ट्रूमन यांनी हुकूम दिला की आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय पुढचा बॉम्ब टाकायचा नाही. त्या दिवशीच्या मंत्रिमंडळ बैठकीत ते काय म्हणाले ते वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांनी डायरीत टिपून ठेवलं आहे. आणखी लाखभर माणसं पुसून टाकायची ही कल्पनाच भयंकर आहे, आणि ती सगळी लहान मुलं मारणं आपल्याला आवडत नाही, असं ते बोलले होते. चारचौघांत मात्र ते पुढे सांगत राहिले की या निर्णयाने आपली झोप कधी उडाली नाही.

बहीण : ऐकलंत? खरं रोखठोक वाक्य ते बंद दाराआडचं होतं. बाहेर सांगितलं ते तयार केलेलं.

मामा : अगं, बाहेर तसंच बोलावं लागतं. पूर आला तेव्हा मी बांधावर उभा राहून 'घाबरू नका' म्हणत होतो. माझे पाय लटपटत होते ते काय माइकवरून सांगू?

बहीण : हे पटलं. पण मग निदान 'त्यांच्या पोटात एक, ओठात एक नव्हतं' असं म्हणत जाऊ नका.

मामा थोडे गप्प झाले, पण ते तहसीलदार होते. प्रकरण हातचं जातंय असं दिसलं की दुसरी फाइल काढायची, ही सवय जात नाही.

मामा : १९४८ ची निवडणूक घे. सगळे पंडित सांगत होते की रिपब्लिकन उमेदवार ड्यूई येणार. 'शिकागो ट्रिब्यून'ने तर ड्यूई जिंकल्याचा मथळा छापून टाकला आणि सेंट लुईच्या स्टेशनवर ट्रूमन तोच अंक हातात धरून हसत उभे राहिले. कशावर जिंकले? रेल्वेच्या शेवटच्या डब्याच्या कठड्याला उभं राहून, गावोगाव, कागद न घेता, शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखं बोलून. लोक ओरडायचे, हॅरी, घे त्यांचा समाचार! ते म्हणायचे, मी फक्त खरं सांगतो, त्यांनाच ते झोंबतं.

बहीण : मान्य. प्रचारात तर ते जबरदस्तच. पण सत्तेत बसून तसंच बोलायला गेले की काय झालं? २९ जून १९५०. कोरियाच्या लढाईत हवाई दल आणि नौदल उतरवलं होतं. पत्रकार परिषदेत म्हणाले, आपण युद्धात नाही. एका वार्ताहराने विचारलं, मग याला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने पोलीस कारवाई म्हणायचं का? हे म्हणाले, हो, अगदी तेच. शब्द वार्ताहराचा, होकार यांचा. तीन वर्षांत त्या 'पोलीस कारवाई'त ३६,००० वर अमेरिकन गेले. कोरियन आणि चिनी किती गेले ते तर लाखांत मोजायचं.

मामा : ते चुकलंच.

बहीण : आणि ३० नोव्हेंबर? चिनी फौजा उतरल्या होत्या, अमेरिकन मागे हटत होते. ट्रूमन म्हणाले, परिस्थितीला तोंड द्यायला लागतील ती पावलं उचलू. त्यात अणुबॉम्बही येतो का? आपल्याकडे असलेलं प्रत्येक शस्त्र येतं. म्हणजे त्याचा विचार चालू आहे? तो तर कायमच चालू असतो. वर शस्त्रं कशी वापरायची ते रणांगणावरचा सेनापती बघेल, असं म्हणून बसले. सेनापती कोण, तर मॅकआर्थर! संध्याकाळच्या आत व्हाइट हाउसला खुलासा काढावा लागला की कायद्याने तो अधिकार एकट्या अध्यक्षांचा आहे. तोवर लंडनमध्ये धावपळ उडाली होती. पंतप्रधान ॲटली ४ डिसेंबरला वॉशिंग्टनला हजर. तुमच्या पाटीप्रमाणे टोलवाटोलवी अध्यक्षांच्या टेबलावर थांबते ना? त्या दिवशी तोंडाने त्यांनी ती सेनापतीकडे पाठवली.

या मुद्द्यावर मामांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्याची गोष्ट मात्र त्यांनीच काढली आणि मला ते आवडलं, कारण ती त्यांच्या बाजूची नाही.

५ डिसेंबर १९५०. ट्रूमन यांचे प्रसिद्धी सचिव चार्ली रॉस, शाळेपासूनचे सोबती, व्हाइट हाउसमध्येच काम करता करता कोसळले आणि गेले. त्याच संध्याकाळी ट्रूमन यांची मुलगी मार्गारेट हिचं कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाणं होतं. तिचा विरस होऊ नये म्हणून बातमी तिच्यापासून लपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पॉल ह्यूम यांचं परीक्षण आलं. मुलगी दिसायला छान आहे, पण तिला फारसं गाता येत नाही. ट्रूमन यांनी बसल्या बैठकीला पत्र खरडलं. आपली गाठ पडली तर तुला नवं नाक लागेल, काळ्यानिळ्या डोळ्यांवर लावायला भरपूर मांस लागेल, आणि खाली बांधायला आधारही लागेल. कार्यालयातल्या कोणाच्या नजरेला पडायच्या आत पत्र टपालात गेलं आणि लवकरच दुसऱ्या वृत्तपत्रात छापून आलं.

मामा : हे मी समर्थनासाठी नाही सांगत. पण बाप म्हणून कळतं. ह्यूमलाही कळलं. ज्याचा मित्र नुकताच गेलाय आणि डोक्यावर जगाचं ओझं आहे, त्याचा एखादा भडका समजून घ्यावा, असं तोच म्हणाला. आणि लोकांना वाटलं, चला, हा आपल्यातलाच आहे.

बहीण : काहींना. कोरियात मुलगा गमावलेल्या एका बापाचं पत्र ठाऊक आहे ना? मुलाला मरणोत्तर मिळालेलं 'पर्पल हार्ट' पदक त्याने ट्रूमन यांना परत पाठवलं. सोबत लिहिलं, माझ्या मुलाच्या मरणाला तुम्ही जबाबदार आहात, हे तुमच्या पदकांच्या दालनात ठेवा. आम्हाला एकच खंत आहे, की कोरियात आमच्या मुलाच्या वाट्याला जे आलं ते घ्यायला तुमची मुलगी तिथे नव्हती.

मामा : ठाऊक आहे. आणि ते पत्र त्या पदकासकट ट्रूमन यांच्या टेबलाच्या खणात सापडलं, ते गेल्यावर. १९७२ मध्ये. जवळजवळ वीस वर्षं जपून ठेवलं होतं. फाडून टाकलं नाही, सेक्रेटरीकडून छापील उत्तर पाठवून मोकळे झाले नाहीत. पाटीवरचं वाक्य तुरुंगातनं आलं असेल. हे कुठनं आलं?

बहिणीने मान हलवली. मला विचाराल तर रोखठोक बोलण्याचा त्या काळातला अव्वल नमुना म्हणजे त्या बापाचं पत्र. त्यात एक शब्द मोठा नाही, एक शिवी नाही, आणि ते लिहून त्याला काही मिळणार नव्हतं.

पुढे गप्पा जरा हलक्या झाल्या. ट्रूमन यांच्या नावावर खपणाऱ्या वाक्यांपैकी खोटी किती? वॉशिंग्टनमध्ये मित्र हवा असेल तर कुत्रा पाळा, हे सगळ्यात गाजलेलं. ते त्यांनी म्हटल्याचा पुरावा नाही. उलट १९४७ च्या अखेरीस कोणीतरी त्यांना भेट म्हणून कुत्र्याचं पिल्लू पाठवलं, तर त्यांनी ते आपल्या डॉक्टरांना देऊन टाकलं. मॅकआर्थरना ११ एप्रिल १९५१ ला घरी बसवल्याबद्दलचं शिवराळ वाक्य येतं मर्ल मिलर यांच्या पुस्तकातून. ते पुस्तक आलं १९७४ मध्ये. तेव्हा ट्रूमन हयात नव्हते आणि निक्सन यांच्या लबाडीला विटलेल्या देशाला एक खरं बोलणारा आजोबा हवाच होता. पुढे १९९५ मध्ये अभ्यासकांनी मिलर यांच्या ध्वनिफिती पुस्तकाशी ताडून पाहिल्या. पुस्तकातलं बरंच काही फितींवर नव्हतं.

बहीण : हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे. माणूस मेला की त्याची वाक्यं चांगली होत जातात.

मामा : जिवंतपणी मात्र २२ टक्के. फेब्रुवारी १९५२ ची गॅलपची पाहणी. एवढे नावडते होते. आज त्याच माणसाच्या पाटीचे कप विकतात. आणि एक सांगू? त्यांनी लिहून न पाठवलेल्या पत्रांचं एक अख्खं पुस्तक निघालंय. रागाच्या भरात लिहायचं आणि बाजूला ठेवायचं. म्हणजे तोंडाला कुलूप लावता येत होतं त्यांना. ह्यूमच्या वेळी नेमकी किल्ली हरवली.

बहीण : आपल्याकडचं घ्या. त्याच काळात नेहरू कोरियाबद्दल अमेरिकेला न विचारता आपलं मत स्पष्ट बोलत होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये ट्रूमन यांनी भारतासाठी धान्य मागितलं तेव्हा अमेरिकन काँग्रेसमधले कित्येक जण त्यावरूनच फुरंगटले. मदत अडली. १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा व्हायला जून उजाडला. तोही देणगी नाही, कर्ज. स्वतःच्या नेत्याने केला तर स्पष्टवक्तेपणा, दुसऱ्याच्या नेत्याने केला तर उद्धटपणा!

मामा : आणि नेहरूंनी बोलायला नको होतं?

बहीण : बोलायलाच हवं होतं. मला एवढंच म्हणायचंय, की त्या बोलण्याचा भुर्दंड पडला तो रेशनच्या रांगेवर.

माझं दोघांशीही थोडं वाकडं आहे. मामांना वाक्याच्या ठसक्याची भूल पडते. बहिणीला प्रत्येक वाक्यात जाहिरात दिसते, कारण ती दिवसभर तेच करते. मी पाहतो की ते वाक्य बोलल्यावर चटका कोणाला बसला. 'पोलीस कारवाई' बोलणाऱ्याला स्वस्तात पडली, सैनिकांना महाग. 'रडका शास्त्रज्ञ' लिहायला धैर्य लागत नाही. या हिशेबाने ट्रूमन यांचं सगळ्यात किमती बोलणं पाटीवरचं नाही, ते एका पत्रात आहे, आणि त्याची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

ट्रूमन यांचं घराणं दक्षिणेकडे झुकलेलं. तरुणपणीच्या त्यांच्या पत्रांत कृष्णवर्णीयांबद्दल जे शब्द आहेत ते इथे छापण्याजोगे नाहीत, आणि खासगीत ती भाषा पुढेही सुटली नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट युद्धावरून घरी परतत असताना, अंगावर गणवेश असताना, दक्षिण कॅरोलायनात पोलिसाने त्याला बडवून दोन्ही डोळ्यांनी आंधळं केलं. ट्रूमन हादरले. पुढे नागरी हक्कांची समिती नेमली आणि २६ जुलै १९४८ ला सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा ९९८१ क्रमांकाचा आदेश काढला. निवडणूक तीन महिन्यांवर होती. त्यांच्याच पक्षाचे दक्षिणेतले लोक वेगळी चूल मांडून बसले होते. मिसुरीतल्या एका जुन्या मित्राने सल्ला दिला, हे प्रकरण सौम्य कर. ट्रूमन यांनी ऑगस्टमध्ये उत्तर पाठवलं. त्यात त्या सार्जंटच्या डोळ्यांचा उल्लेख आहे. जमावाने माणसं मारायची आणि कोणालाच शिक्षा नाही, हे मला मान्य नाही. मी ही चूक दुरुस्त करणार, आणि त्यापायी पुन्हा निवडून आलो नाही तर ते अपयश चांगल्या कामापायी आलेलं असेल.

बहीण : या पत्रापुढे माझं काही चालत नाही.

मामा : हेच तर मघापासून सांगतोय.

बहीण : नाही, तुम्ही पाटी सांगत होतात. या पत्राचे कप कोणी विकत नाही.

मामा : वाक्य लांब आहे म्हणून.

बहीण : लांब नाही हो. आजही बऱ्याच जणांना ते अडचणीचं आहे.

नोव्हेंबर १९४८ मध्ये दक्षिणेतली चार राज्यं आणि निर्वाचक मंडळातली ३९ मतं फुटून वेगळी चूल मांडलेल्यांचे उमेदवार स्ट्रॉम थर्मंड यांच्याकडे गेली. ड्यूई यांना १८९ मिळाली, ट्रूमन ३०३ मतांनी निवडून आले. सैन्याने आदेश पाळायला चालढकल केली आणि शेवटची स्वतंत्र कृष्णवर्णीय तुकडी १९५४ मध्ये बरखास्त झाली, ट्रूमन निवृत्त होऊन मिसुरीला परतल्यानंतर.